दुधीच्या पायावर

तीस वर्षं मी डॉगरिजवर थॉमसन बांधली.
ओझर, पिंपळगाव, खेडगाव, मोहाडी,
कुठल्याही बागेत उभे राहा,
दोन-चार ओळी माझ्या हातच्या निघतील.
द्राक्षाची काडी कशी, पेन्सिलीएवढी;
चाकू लागला की हाताला कळतं, लागला.

हे कलिंगडाचं रोप म्हणजे
ओल्या वातीसारखं.
धरलं तर चिरडतं, सोडलं तर लवंडतं.
पहिल्या दिवशी तीस कलमं केली, बावीस हातातच गेली.
मी चष्मा पुसत बसलो.
शेजारच्या स्टुलावर येणू गावित,
सुरगाण्याकडची, वय एकोणीस.
तेवढ्या वेळात तिचे तीन ट्रे भरले होते.
ती काही बोलली नाही.
फक्त माझं ब्लेड बदलून दिलं.

तेव्हापासून मी रात्रीचा.

दिवसा तिचं चालतं ते असं:
दुधीचा शेंडा उडवायचा, एक पान राखायचं,
तिरपा काप.
कलिंगडाची मुळं कापून खाली टाकायची,
तिरपा काप.
कापाला काप, वरून क्लिप.
आठ सेकंद. मी मोजलेत.

मालक पाहुण्यांना सांगतात,
लग्न आहे हो हे, लग्न.
पाहुणे हसतात, फोटो काढतात.
येणू एकदा मान वर न करता म्हणाली,
"आमच्याकडं लग्नात
नवऱ्याचं मुंडकं न् नवरीचे पाय
नाही तोडत."

डिसेंबरात निफाडच्या बाजूनं वारं सुटतं,
बादलीतलं पाणी बोटांना चावतं.
चेंबरमध्ये मात्र चैत्र ठेवावा लागतो.
काटा अठ्ठावीसच्या खाली आला की हीटर,
प्लास्टिक आतून कोरडं दिसलं की फवारा.
अंधार हवा.
बोलणंसुद्धा हळू;
हे कुणी सांगितलेलं नाही, माझं मीच ठरवलं.

तीन रात्री काहीच कळत नाही.
जगलेलं आणि मेलेलं,
तोवर दोन्ही हिरवंच दिसतं.
चौथ्या रात्री बॅटरीच्या उजेडात
पानाच्या टोकाशी एकच थेंब.
फवाऱ्याचा नव्हे, फवाऱ्याचे पानभर असतात.
हा आतून आलेला.
दुधीनं ओढलेलं पाणी
कलिंगडाच्या पानाला पोचलं.
मग मी प्लास्टिकची कड चार बोटं उचलतो,
आणि बाहेर येऊन बिडी ओढतो.

दौलत बोरस्तेंच्या रानात गेल्या साली मर शिरली.
दुपारी वेल माना टाकायचे,
संध्याकाळी उभे राहायचे,
वाटायचं, उन्हामुळं असेल.
एका संध्याकाळी उभे राहिले नाहीत.
माती तीच आहे.
मर तिथंच बसून आहे, वाट बघत.
यंदा त्याच मातीत आमची सहा हजार रोपं गेली
आणि मार्चात मला फळ खायला बोलावणं आलं.
लालभडक, कडक, बी बारीक.
मी डोळे मिटून खाल्लं,
दुधी कुठं लागते का बघत.
नाही लागली. कुठंच नाही.

निघताना दिवस मावळतीला,
बांधालगतच्या ओळीत एक पांढरं फूल उमलत होतं.
कलिंगडाचं पिवळं असतं, सकाळचं.
हे दिवेलागणीचं.
खालच्या खुंटानं गुपचूप फूट काढली होती
आणि ती खुडायची राहून गेली होती.
कुणाच्या हातचं कलम, आता काय सांगणार.
त्या पहिल्या दिवसाच्या
माझ्या वाचलेल्या आठांतलंही असेल.

"काढा ते," दौलतराव म्हणाले, "फुकट जोर खातंय."
खरंच आहे.
खुंटाची फूट मी जन्मभर काढत आलो.
वाकलो, देठ नखात धरला,
आणि म्हटलं, पुरं तर उमलू दे.
ते गेले मोटर बंद करायला.
मी तसाच वाकून.

अंधारात खुडलं. रुमालात बांधून आणलं.
सकाळी येणूनं गाठ सोडली,
मलूल पाकळ्या बोटानं उलगडल्या,
वास घेतला.
"एवढ्यात भाजी नाही व्हायची, बाबा,"
म्हणाली, आणि पुढचा ट्रे ओढला.